खेळ लेकरांचा, पहारा व्यवस्थेचा

'पोरगा असून भातुकली काय खेळतोस?' आणि 'पोरीची जात, पोरांत विटी-दांडू काय खेळतेस?' ही दोन वाक्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, चाळीत, वस्तीत ऐकू येतात. बोलणाऱ्याला ती साधी वाटतात, पण त्यांच्यामागे किमान दीडशे वर्षांचा लिखित इतिहास उभा आहे. त्या इतिहासात पोलीस आहेत, डॉक्टर आहेत, देवी आहे, शाळा आहे आणि घरही आहे. ट्रान्सजेंडर माणसांबद्दल बोलताना आपण बहुधा सिग्नलवरची टाळी, दुकानातली मागणी आणि फार तर न्यायालयाचा निकाल एवढेच बोलतो. त्यांनाही बालपण होते, हे आपल्या चर्चेत येतच नाही. म्हणून या लेखात आम्ही त्यांच्या बालपणाचा, त्यातही खेळाचा इतिहास मांडत आहोत.

आमचे म्हणणे सरळ आहे. खेळामुळे कोणी ट्रान्सजेंडर होत नाही. खेळात ते लेकरू स्वतःला पहिल्यांदा सापडते. म्हणून 'हे लेकरू असे का खेळते?' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि 'त्याचा खेळ कोणी, कधी आणि कशासाठी मोडला?' हा विचारावा.

लेकराची साक्ष

आधी स्वतः ट्रान्सजेंडर माणसे काय सांगतात ते पाहू. तमिळनाडूतील नामक्कल भागात वाढलेल्या ए. रेवती यांचे आत्मकथन 'द ट्रुथ अबाउट मी' २०१० साली इंग्रजीत आले. व्ही. गीता यांनी ते तमिळमधून अनुवादित केले. शाळेतून आल्यावर मुलींचे खेळ खेळणे, अंगण झाडणे, रांगोळी काढणे, बहिणीचे कपडे घालणे हे सगळे रेवती त्यात सांगतात. गावच्या देवीच्या जत्रेत त्यांनी बाईचे सोंग घेतले. जत्रेपुरते ते गावाला चालले. सोंग उतरल्यावरही आपण आतून तेच आहोत ही जाणीव मात्र त्यांची एकट्याची होती.

लिव्हिंग स्माइल विद्या यांचा जन्म तमिळनाडूतील एका दलित कुटुंबात झाला. दार आतून बंद करून, बहिणीचा परकर घालून सिनेमाच्या गाण्यावर नाचणारे लेकरू त्यांच्या 'नान विद्या' या आत्मकथनात भेटते. बाहेर वडील आहेत. त्यांना आपला मुलगा शिकून मोठा अधिकारी झालेला पाहायचा आहे आणि त्यासाठी ते मारतातही. दलित बापाचे हे स्वप्न आपल्या ओळखीचे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच स्वप्नावर वाढले. त्या स्वप्नात मुलाची जागा होती, मुलीची नव्हती, आणि बंद दारामागे नाचणाऱ्या लेकराची तर अजिबातच नव्हती. या आत्मकथनावर २०१५ साली 'नानु अवनल्ल... अवळु' हा कन्नड सिनेमा आला आणि त्यातील अभिनयासाठी संचारी विजय यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मराठीत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' आहे. लक्ष्मी यांच्या राजकीय भूमिकांशी, आखाड्याच्या राजकारणाशी आमचे उघड मतभेद आहेत. तरीही ठाण्यात वाढलेल्या, नाचावर जीव असलेल्या आणि त्या नाचावरून हिणवल्या गेलेल्या लेकराची त्यांनी दिलेली साक्ष खोटी ठरत नाही.

तीन माणसे, तीन घरे, वेगवेगळ्या जाती, दोन भाषा. तिन्ही साक्षींत समान काय आहे? 'मी कोण' हे त्या लेकरांना कोणी शिकवले नव्हते. शब्द माहीत होण्याआधी त्यांना ते खेळात, कपड्यांत आणि नाचात उमगले होते.

'एवढ्या लहान वयात काय कळते?' असे इथे कोणी विचारेल. त्याला आम्ही बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींकडे नेतो. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या भीमाला स्टेशनवर, बैलगाडीत, पाण्याविना काढलेल्या रात्री जे भोगावे लागले ते त्यात आहे. त्याआधीही आपल्याला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागते, शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नाही, हे त्या मुलाला ठाऊक होते. समाजाने आपल्याला कोणत्या खान्यात टाकले आहे आणि तो खाना अन्यायाचा आहे, हे लहान लेकराला कळते. जातीच्या बाबतीत आपण ही साक्ष इतिहास म्हणून वाचतो. मग लिंगभावाच्या बाबतीत त्याच वयाच्या लेकराची साक्ष 'पोरखेळ' कशी ठरते?

खेळ घडवतो की दाखवतो?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज हर्बर्ट मीड माहीत असतो. मूल खेळात आई होते, दुकानदार होते, शिपाई होते आणि दुसऱ्याची भूमिका घेत घेत त्याचा 'स्व' घडतो, अशी त्याची मांडणी. ती महत्त्वाची आहे. पण तिचा अर्धवट अर्थ काढून लोक म्हणतात, 'बाहुली हातात दिली म्हणून पोरगा बिघडला.'

हा तर्क तपासून पाहा. खेळण्यांनी लिंगभाव घडत असता, तर ट्रान्सजेंडर स्त्रिया जगात दिसल्याच नसत्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या हातात चेंडू, गोट्या आणि भोवराच दिला गेला होता. शर्ट-चड्डी घातली गेली, मुलाचे नाव ठेवले गेले, मुलांच्या रांगेत उभे केले गेले. सगळे शिक्षण एका दिशेने झाले आणि लेकरू दुसऱ्याच दिशेला गेले.

अमेरिकेत ३ ते १२ वयोगटातील ३१७ ट्रान्सजेंडर मुलांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ही मुले आपल्या ओळखीनुसार उघडपणे राहत होती. खेळणी, कपडे, मित्र-मैत्रिणी यांची त्यांची निवड त्याच लिंगभावाच्या इतर मुलांसारखीच आढळली. त्याआधी त्यांना किती वर्षे उलट ओळखीने वाढवले होते, याने त्यात फरक पडलेला दिसला नाही. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा यातील ९४ टक्के मुले ट्रान्सजेंडर म्हणूनच जगत होती. ही मुले बहुतांशी सुस्थितीतील गोऱ्या कुटुंबांतील होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या वस्तीतील लेकराचे जगणे त्यांच्यासारखे नाही. पण 'वाढवण्यात चूक झाली' हा आईच्या माथी मारला जाणारा दोष या अभ्यासापुढे टिकत नाही.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. भातुकली खेळणारा प्रत्येक मुलगा ट्रान्सजेंडर नसतो आणि झाडावर चढणारी प्रत्येक मुलगी ट्रान्समॅन नसते. बहुतेक मुले सगळे खेळ खेळतात. म्हणून खेळ पाहून लेकरावर शिक्का मारू नये आणि लेकरू स्वतःबद्दल काही सांगत असेल तर त्याचे तोंडही दाबू नये.

१८७१ : खेळ जेव्हा गुन्हा झाला

आता पहारेकऱ्यांकडे वळू. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला विमुक्त जमातींच्या संदर्भात माहीत आहे. पारधी, कंजारभाट, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारी ही पद्धत ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत चालली. मात्र १८७१ च्या मूळ कायद्याला दुसरा भाग होता हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तो हिजड्यांसाठी होता. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब, म्हणजे मुख्यतः आजचा उत्तर प्रदेश आणि पंजाबकडचा भाग, हे त्याचे क्षेत्र होते.

मुलांना पळवणे, त्यांचे अवयव कापणे किंवा कलम ३७७ खालचे गुन्हे यांचा नुसता संशय असला, तरी पोलिसांनी अशा व्यक्तींची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेषात किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसली, किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचली, तिने वाद्य वाजवले, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा तिच्या घरात, तिच्या ताब्यात आढळला तरी तीच शिक्षा. तिला कोणाचे पालक होता येणार नाही, मुलगा दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही.

साडी नेसणे, नाचणे, गाणे, वाजवणे ही यादी नीट वाचा. लेकरू घरात दार लावून जे खेळते, तेच मोठेपणी रस्त्यावर केले तर तुरुंग! आणि तसे खेळणारे लेकरू घरातून हाकलले गेले तर त्याला आसरा देणारे घरही गुन्हेगार. त्या सोळा वर्षांखालच्या मुलांत काही अनाथ होती, काही गरिबीमुळे आलेली होती. इतिहासकार जेसिका हिंची यांनी वसाहतकाळातील कागदपत्रांवर सविस्तर काम केले आहे. हिजडा समुदाय हळूहळू नाहीसा व्हावा हाच प्रशासनाचा हेतू होता आणि मुले काढून घेणे हा त्याचा मार्ग होता, हे त्यांच्या संशोधनातून दिसते. एखादा समाज संपवायचा तर त्याच्याकडे येणारी लेकरे तोडायची, हे तंत्र विमुक्तांच्या वसाहतींतही वापरले गेले. एकाच कायद्याने दोघांना बांधले होते, म्हणून विमुक्तांची लढाई आणि हिजड्यांची लढाई मुळापासून जोडलेली आहे.

१९११ च्या नव्या कायद्यात हा दुसरा भाग राहिला नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९१९ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाने तशाच धर्तीचा कायदा केला. नोंदवही, बाईचा वेष, नाच-गाणे, सोळा वर्षांखालचा मुलगा हे सगळे त्यात उतरले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणजे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी हे जिल्हेही या कायद्याच्या हद्दीत आले. तेलंगणात तो कायद्याच्या पुस्तकात पडूनच होता. जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. स्वातंत्र्यानंतर शहात्तर वर्षांनी!

देवीचा कौल

कायद्याने खेळाला गुन्हा म्हटले, तर धर्माने त्याला कौल म्हटले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात यल्लम्माचे जोगते आपण पाहतो. मुलगा बायकी वागतो, केसांत जट दिसते, मग 'देवीने मागितले' असे ठरते. लेकराच्या गळ्यात मोती-पोवळ्याचे दर्शन पडते, हातात परडी येते. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीने जोगत्याचे हे जगणे मराठीत आणले. २००९ च्या 'जोगवा' सिनेमातील जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

काही जण म्हणतात, 'बघा, आपल्या संस्कृतीत यांना मान होता.' मान कसला? लेकरू खेळत होते, त्याला कोणी विचारले नाही. त्याच्या खेळाचा अर्थ पुजाऱ्याने लावला आणि आयुष्यभराची भिक्षा त्याच्या झोळीत टाकली. शाळा सुटली, हातचे काम गेले, जोगवा उरला. हा भार बहुतेक दलित-बहुजन घरांवरच पडला. सवर्ण घरातील बायकी वागणाऱ्या मुलाला देवीने सहसा मागितले नाही, हा देवीचा न्याय आहे की जातीचा? ट्रान्सजेंडर असणे ही माणसाची ओळख आहे आणि जोगता होणे ही लादलेली सेवा आहे. या दोन गोष्टींची गल्लत जाणीवपूर्वक केली जाते.

दवाखान्यातला आरसा

धर्मावर टीका करताना विज्ञानाच्या नावाने झालेले अत्याचार झाकता येत नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 'बायकी' मुलांवर उपचार करण्याचा प्रकल्प चालला. १९७४ च्या एका शोधनिबंधात 'क्रेग' या टोपणनावाने पाच वर्षांच्या आतील एका मुलाची हकिकत आहे. खोलीत दोन टेबले. एकावर मुलींची खेळणी, दुसऱ्यावर मुलांची. संशोधक एकतर्फी आरशामागे. मुलाने बाहुली उचलली की आईने त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे, बंदूक उचलली की कौतुक करायचे. घरी निळे आणि लाल तुकडे. निळ्याला बक्षीस, लाल साचले की बापाचा मार.

निबंधात हा उपचार यशस्वी म्हणून नोंदवला गेला. ते मूल पुढे समलिंगी पुरुष म्हणून जगले आणि २००३ साली, अडतिसाव्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले. कुटुंबाने २०११ मध्ये हे जगासमोर आणले. म्हणजे त्या शास्त्रज्ञांना खेळाचा अर्थही कळला नव्हता आणि मुलाचे दुःखही कळले नव्हते.

१९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने मुलांतील ही गोष्ट अधिकृतपणे विकारांच्या यादीत घातली. 'विकार' हा शब्द जायला २०१३ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर आला. आपल्याकडे मात्र आजही आई-बाप लेकराला भगताकडे नेतात, नाहीतर 'पोरगा नीट करून द्या' म्हणून डॉक्टरकडे नेतात. अंगारा आणि गोळी यांत इथे फरक उरत नाही.

शाळा, जनगणना आणि नवा कायदा

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' अशी नोंद झालेल्या व्यक्ती ४,८७,८०३ होत्या. त्यातील ५४,८५४ ही शून्य ते सहा वयोगटातील बालके होती. ही नोंद घरच्यांनीच दिली होती. म्हणजे 'आमच्या घरात असे कोणी नाही' म्हणणाऱ्या या देशात हजारो घरांनी ते मान्य केले होते. त्या बालकांतील मोठी आज एकविशीत आहेत. ती कुठे आहेत? त्याच जनगणनेत या गटाची साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, तर देशाची ७४ टक्के. ही लेकरे शाळेच्या दारापर्यंत येतात आणि तिथून परत फिरतात.

शाळेत काय होते ते ग्रेस बानू यांनी सांगितले आहे. त्या तमिळनाडूतील दलित ट्रान्स कार्यकर्त्या आणि तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या ट्रान्सजेंडर विद्यार्थिनी. इतर मुलांची नजर पडू नये म्हणून त्यांना शाळेत वेगळ्या वेळी यायला-जायला सांगितले गेले. सावलीचा विटाळ आणि नजरेचा विटाळ यांत कितीसे अंतर आहे?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. इथे १९३४ आठवते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' वर अश्लीलतेचा खटला झाला आणि मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. शरीराविषयी, लैंगिकतेविषयी खरी माहिती मागणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्यांनी तेव्हा घेतली. त्यांचे नाव घेणाऱ्यांना आज या विषयावर गप्प बसता येणार नाही.

१५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि ट्रान्सजेंडर समुदायाला सामाजिक व शैक्षणिक मागास मानून आरक्षण देण्यास सांगितले. पण २०१९ च्या कायद्यात आरक्षण आले नाही. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार ट्रान्सजेंडर असल्याच्या कारणावरून मुलाला आई-बापापासून वेगळे करता येत नाही, न्यायालयाचा आदेश असेल तरच करता येते. घर सांभाळायला असमर्थ असेल तर पुनर्वसन केंद्र. ऐकायला चांगले वाटते. पण मार घरातच पडत असेल तर? १८७१ च्या कायद्याने हिजड्यांचे घर गुन्हेगार ठरवले आणि २०१९ च्या कायद्याने ते घर आहे हेच मानले नाही. अल्पवयीन मुलाच्या ओळखपत्राचा अर्जही पालकांनीच करायचा. म्हणजे ज्याने दार आतून लावून घेतले आहे, त्याने दाराबाहेरच्या बापाकडूनच सही आणायची.

ट्रान्समेन कुठे आहेत?

वरच्या सगळ्या इतिहासात मुलगी म्हणून वाढवलेली, पण आतून मुलगा असलेली लेकरे जवळजवळ दिसत नाहीत. १८७१ च्या कायद्याने त्यांना मोजले नाही, कारण बाईला स्वतंत्र माणूस मानलेच नव्हते. घरात 'आमची पोरगी पोरासारखी' म्हणून थोडी वर्षे कौतुक होते. पाळी आली की विटी-दांडू बंद, सायकल बंद आणि मग लग्न. हिजड्यांना निदान घराण्याचा आसरा मिळाला, यांना तोही नाही. रेवती यांनी आपल्या २०१६ च्या दुसऱ्या पुस्तकात ट्रान्समेनच्या कहाण्या मुद्दाम नोंदवल्या, ते यासाठीच.

आपण काय करायचे?

मित्रहो, जात टिकते ती कोणी कोणात मिसळायचे यावरच्या पहाऱ्यामुळे, आणि पितृसत्तेचा पहाराही याच कामाचा असतो. गावात कोणी कोणाच्या पोरांत खेळायचे हे जातीने ठरवले आणि कोणता खेळ खेळायचा हे लिंगाने ठरवले. दलित ट्रान्सजेंडर लेकराच्या वाट्याला हे दोन्ही पहारे एकाच वेळी आले. म्हणून हा विषय 'आधी जातीचे सोडवू, मग बघू' असा पुढे ढकलण्याचा नाही.

काही गोष्टी उद्यापासून करता येतील. विहारातील बालसंस्कार वर्गात, उन्हाळी शिबिरात मुलांचे खेळ आणि मुलींचे खेळ अशी वाटणी बंद करा. लगोरी, फुगडी, लेझीम, नाटक सगळ्यांना खुले ठेवा. 'बायल्या', 'छक्का' हे शब्द वर्गात आले की तिथेच थांबवा, जसे आपण जातीवाचक शब्द थांबवतो. मोर्चात निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देण्याची रीत सर्वच पक्षांत आहे. आपल्या मोर्चात ती नको. बांगड्या घालावाशा वाटणारे एखादे लेकरू त्याच मोर्चात आईचे बोट धरून चाललेले असते.

लेकराला मार पडत असेल, भगताकडे किंवा देवीला नेले जात असेल तर मध्ये पडा आणि १०९८ वर कळवा. आई-बापांशी भांडण करू नका, त्यांच्याशी बोलत राहा. त्यांच्या रागाखाली बहुधा भीती असते आणि त्या भीतीचे कारण समाज असतो, म्हणजे आपणच. ग्रेस बानू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरलेली समांतर आरक्षणाची मागणी, म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, खुला अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी जागा, ही आपल्या मागणीपत्रात आली पाहिजे. नाहीतर दलित ट्रान्सजेंडर लेकराला एक ओळख घ्यायची तर दुसरी सोडावी लागेल.

आणि एखादे लेकरू भातुकलीत आई झाले, तर त्याने वाढलेला लुटुपुटूचा भात खा. ते मोठेपणी कोण होईल हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.

जय भीम!